येळवसीचे ताट : प्राचीन दख्खनचा आहारविचार

(‘प्राचीन काळातील आहारपरंपरा’ या विषयावर किल्लारी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



प्राचीन संस्कृतीचा विषय निघाला की चर्चा बहुधा मंदिरे, लेणी, शिलालेख आणि ग्रंथ यांच्याभोवती फिरते. राजवंशांच्या सनावळ्या पाठ केल्या जातात, शिल्पांच्या सौंदर्याचे वर्णन होते. परंतु ज्या माणसांनी ती लेणी खोदली, ज्यांनी त्या राजांचे सैन्य पोसले, ती माणसे दोन वेळा काय खात होती, काय पीत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक संस्कृतीचा पाया चुलीपाशी घातला जातो. जमीन कोणती, पाऊस किती, कोणते बीज पेरावे, किती खावे आणि किती राखून ठेवावे, या चार गोष्टींचा मेळ ज्या समाजाला साधला तो टिकला. ज्याला साधला नाही, त्याची गावे मातीखाली गेली. दख्खनच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत आणि दोहोंचे पुरावे आज उपलब्ध आहेत.

मातीखालची चूल

गाव मातीखाली जाणे म्हणजे काय, हे किल्लारीला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. सुमारे आठ हजार माणसे प्राणास मुकली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेली घरे क्षणार्धात कोसळली. त्या ढिगाऱ्यांतून पुढे कित्येक दिवस जी वस्तू हाती लागे ती घरातल्या रोजच्या वापरातलीच असे. पितळेचा तांब्या, जाते, पाटा-वरवंटा, धान्याचे पोते. पुरातत्त्वज्ञ तीन हजार वर्षांपूर्वीचे घर उकरतो तेव्हा त्याच्या हाती लागणाऱ्या वस्तूही याच जातीच्या असतात.

या दोन गोष्टींचा संबंध केवळ उपमेपुरता नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर भूशास्त्रज्ञांनी या परिसरातील मातीचे थर तपासण्यास प्रारंभ केला. येथून पन्नास-साठ किलोमीटरवरील तेर या प्राचीन नगरीच्या थरांतही जुन्या भूकंपाच्या खुणा असल्याचे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले. तो भूकंप साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा निष्कर्ष त्यात मांडण्यात आला आहे. जी जमीन आपल्याला पोसते ती पूर्वीही हादरली होती, आणि तरीही माणसे येथेच राहिली, असा त्याचा अर्थ होतो.

तीन हजार वर्षांपूर्वीचे अन्न कळते तरी कसे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर चुलीतच आहे. सामान्य धान्य मातीत कुजून नाहीसे होते. परंतु चुलीत सांडून करपलेला, कोळसा झालेला दाणा कुजत नाही. उत्खननातील माती पाण्यात कालवली की हे हलके, जळके दाणे वर तरंगतात. ते चाळणीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की दाण्याचा आकार आणि ठेवण यांवरून पीक ओळखता येते. मडक्याच्या कच्च्या मातीत मिसळलेल्या तुसांचे ठसेही उपयोगी पडतात. प्राण्यांची हाडे, त्यांवरील सुरीच्या खुणा, माणसांचे दात, भांड्यांना चिकटलेले कण हे सगळे साक्षीदारच. हरियाणातील फरमाणा येथे हडप्पाकालीन अवशेषांवर हळद आणि आले यांचे अतिसूक्ष्म कण आढळले. म्हणजे आजच्या फोडणीतील हळद किमान चार हजार वर्षे या देशाच्या स्वयंपाकघरात आहे. जगात अन्यत्रही असे पुरावे आहेत. मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांवर सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या पाककृती कोरलेल्या सापडल्या आहेत. महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्याने अशी पाटी लिहिली नाही. त्याची पाककृती त्याच्या चुलीतल्या राखेतून वाचावी लागते.

इनामगावची कोठारे

ही राख सर्वांत बारकाईने वाचली गेली ती पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे. घोड नदीच्या काठी असलेल्या या टेकाडाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या विद्वानांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामात शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडकीस आले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० असा सुमारे नऊशे वर्षांचा या वस्तीचा काळ. ही ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ‘जोर्वे संस्कृती’ या नावाने ओळखली जाते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी तिचा प्रथम शोध लागला, म्हणून हे नाव. मराठवाड्यात पैठणजवळील आपेगाव येथेही १९७६ साली याच संस्कृतीची वस्ती उत्खननात मिळाली. गोदाकाठचा शेतकरी आणि घोडकाठचा शेतकरी एकाच परंपरेतील होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

इनामगावच्या माणसांच्या ताटात काय होते? डॉ. मुकुंद काजळे यांनी तेथील जळक्या दाण्यांचा अभ्यास केला. सातू म्हणजे जव हे तेथील मुख्य धान्य. त्याच्या जोडीला गहू, थोडा तांदूळ, कडधान्यांत मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख आणि वाल, फळांत बोर. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी हे पशू पाळलेले होते. हाडांवरील खुणांवरून त्यांचे मांस खाल्ले जाई, हेही दिसते. हरणाची शिकार होई, नदीचे मासे पकडले जात. प्राचीन समाजाचा अभ्यास करताना जे सापडले ते सापडले म्हणून नोंदवावे, हीच अभ्यासकाची रीत असते. त्या ताटात धान्य, डाळ, दूध आणि मांस असे सारेच होते.

परंतु या उत्खननातील सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट ताटाबाहेरची आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर मिळाले. ते गावप्रमुखाचे असावे. त्याच्या लगतच धान्याचे कोठार होते. जमिनीत खोदलेली पेवे आणि वर कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे अशी त्याची रचना होती. घराघरांतही कणगी ठेवण्याचे ओटे होते. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि कालवाही आढळला. पेरणे, पाणी वळवणे आणि साठवणे ही तिन्ही कामे गावाने मिळून केली असल्याशिवाय अशी रचना उभी राहत नाही.

पुढे मात्र दिवस फिरले. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यातील बहुतेक जोर्वे वस्त्या ओस पडल्या. इनामगाव आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले, पण ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. गहू मागे पडला, शिकारीवरचा भार वाढला. तेथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या उत्तरकाळात मुलांची वाढ खुंटल्याचे दाखवले आहे. ढवळीकरांच्या मते या ऱ्हासाचे कारण पर्जन्यमान घटणे हे होते. केवळ हवामानाला दोष न देता जमिनीच्या अतिवापराकडेही बोट दाखवणारे अभ्यासक आहेत. कारण कोणतेही असो, परिणामाबद्दल वाद नाही. पाणी आणि पीक यांचा मेळ तुटला, तेव्हा त्याची किंमत सर्वप्रथम लहान मुलांनी मोजली आणि अखेरीस गाव उठून गेले.

तगर नगरीची बाजारपेठ

यानंतर काही शतकांनी सातवाहनांचे राज्य आले आणि याच दख्खनने समृद्धी पाहिली. तेर म्हणजे प्राचीन तगर. पुढील काळात संत गोरा कुंभारांमुळे हे गाव घरोघरी पोहोचले, पण त्याआधी हजारभर वर्षे ते समुद्रापलीकडे ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर हे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे.

त्याच ग्रंथात खाद्यवस्तूंची जी यादी आहे ती मुळातून अभ्यासण्यासारखी आहे. भडोच बंदरातून आणि अरिआके या लगतच्या प्रदेशातून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि ऊसापासून केलेला गोड पदार्थ जात असे. तूप आणि तेल दीर्घकाळ टिकतात, म्हणून ते समुद्रप्रवासास योग्य ठरले. उलट दिशेने इटली, सिरिया आणि अरबस्तानातून द्राक्षाचे मद्य भडोचला उतरे. ते ज्या उंच, दोन कानांच्या रांजणांतून येई, त्या रांजणांची खापरे तेरच्या उत्खननातही मिळाली आहेत. म्हणजे येथील श्रीमंतांच्या घरी परदेशी मद्य पोहोचत होते. तो चैनीचा माल होता. देशाचे पोट भरत होते ते येथल्या धान्यावर आणि डाळीवर. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांतून तुरीचे दाणे मिळाले. लातूरच्या आडत बाजारात आज जिचे ढीग लागतात, त्या तुरीचा मराठवाड्यातील वास्तव्याचा दाखला असा दोन हजार वर्षांचा आहे.

त्या काळच्या शिलालेखांतूनही अन्नव्यवहार डोकावतो. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिल्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यातील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात तेल गाळणाऱ्या तिलपिषकांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्या ठेवीच्या व्याजातून आजारी भिक्षूंच्या औषधाची सोय व्हायची होती. घाण्यावर तेल गाळणारा कारागीर समाजाची ठेव सांभाळण्याइतका विश्वासू मानला जात होता. अन्न पिकवणारा, दळणारा, गाळणारा आणि विकणारा यांना समाजव्यवस्थेत काय स्थान होते, हे या एका नोंदीवरून कळते. दळण्याच्या साधनातही याच काळात मोठा बदल दिसतो. इनामगावात धान्य सपाट दगडावर पुढे-मागे रगडले जाई. नेवासे येथे सातवाहनकालीन थरांत दोन तळ्यांचे, गोल फिरणारे जाते मिळाले. सांकलियांनी त्यावर १९५९ साली स्वतंत्र लेख लिहिला आहे. मराठी स्त्रीची पहाट ज्या जात्यावर उजाडत असे, त्याचे मूळ असे दोन हजार वर्षे मागे जाते.

कल्याणीचा ग्रंथ

आता किल्लारीच्या अगदी शेजारी येऊ. येथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. इसवी सन ११२६ ते ११३८ या काळात तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून संगीतापर्यंत सर्व विषय आहेत. त्यांतील ‘अन्नभोग’ आणि ‘पानीयभोग’ या अध्यायांत राजाच्या खाण्यापिण्याचे तपशीलवार वर्णन येते. प्राचीन परंपरेचे ज्ञान मध्ययुगाच्या उंबरठ्यावर कोठवर पोहोचले होते, याचा हा आरसा आहे.

या ग्रंथात भाताचे आठ प्रकार सांगितले आहेत. रक्तशाली, गंधशाली, षष्टिक ही त्यांतील काही नावे. डाळींत मूग, उडीद, मसूर, हरभरा, तूर यांचा समावेश आहे. पक्वान्नांत ‘मंडक’ येतात, ते म्हणजे आपले मांडे. गहू धुवून, वाळवून, दळून, चाळून घ्यावा. पिठात तूप आणि मीठ घालून ते खूप मळावे. त्याचे गोळे हातावर पसरून तापलेल्या खापरावर भाजावेत, अशी त्याची कृती आहे. खानदेशात आजही मांडे पालथ्या खापरावरच भाजतात. नऊशे वर्षांत कृतीत फारसा फरक पडलेला नाही. ‘पोलिका’ म्हणजे पोळी, ‘पूरिका’ म्हणजे पुरी, ‘वटक’ म्हणजे वडा. ‘इडरिका’ हे इडलीचे पूर्वरूप, परंतु त्यात तांदूळ नाही, केवळ उडदाचे पीठ आहे. ‘धोसक’ही आहे. दह्यापासून केलेली ‘शिखरिणी’ वाचताना श्रीखंड आठवल्यावाचून राहत नाही.

त्याच पाकशाळेत रानडुकराचे, हरणाचे मांस, मासे, कासव, इतकेच काय, शेतातले उंदीर भाजून करण्याची कृतीही दिली आहे. हे वाचून कोणी दचकू नये आणि कोणी हरखूनही जाऊ नये. राजाचे ताट हे राजाचे ताट असते. प्रजेच्या घरी काय शिजत होते, हे त्यावरून थेट ठरवता येत नाही. मात्र एक गोष्ट निश्चित आहे. या संपूर्ण ग्रंथात मिरची नाही, बटाटा नाही, शेंगदाणा नाही, मका नाही. ही पिके अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात आली. मराठवाड्याच्या जेवणातील जो तिखटपणा अनादि वाटतो, तो जेमतेम चार-पाचशे वर्षांचा आहे. त्यापूर्वी तिखटाचे काम मिरी, पिंपळी आणि आले करीत असत.

‘पानीयभोग’ या अध्यायाचे महत्त्व या भूमीत वेगळे सांगावयास हवे. कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे, पावसाचे, नदीचे, तळ्याचे, झऱ्याचे की विहिरीचे, याचा विचार त्यात केलेला आहे. पाणी शुद्ध कसे करावे, फुलांनी सुवासिक कसे करावे, हेही सांगितले आहे. ज्याच्या पदरी सारे वैभव होते त्या सम्राटाने पाण्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला, कारण दख्खनच्या पठारावर पाण्याचे मोल राजालाही ठाऊक होते.

येळवसीची भज्जी

ग्रंथातून शेतात उतरले की हा सारा इतिहास एका दिवसात आणि एका भांड्यात पाहावयास मिळतो. तो दिवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या, आपली येळवस. लातूर, धाराशिव आणि लगतच्या कर्नाटकातील सीमाभागात हा सण साजरा होतो. गावे ओस पडतात, बाजारपेठा बंद राहतात आणि अवघा समाज शिवारात जमतो. कडब्याची कोप उभारून तीत पाच पांडवांची पूजा होते. घरचे, शेजारचे, वाटेवरून जाणारे असे सर्व एका पंगतीला बसतात. पानात भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली थंडगार आंबील.

या भज्जीत काय असते? ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, शिवारातील पालेभाज्या, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची आणि हरभऱ्याचे पीठ. यांतील वाटाणा आणि वाल इनामगावच्या चुलीतही होते. तूर भोकरदनच्या थरांत होती. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आंबवून ताकात केलेले पेय. धान्य आंबवून पेय करण्याची रीत आपल्या आयुर्वेद ग्रंथांतील कांजीइतकी जुनी आहे. येळवस हा सण इनामगावच्या काळापासून चालत आला, असे म्हणण्यास पुरावा नाही आणि तसा दावा करण्याची आवश्यकताही नाही. सणाचे वय काहीही असो, त्याच्या पानातील बीजांचे वय मात्र विज्ञानाने सिद्ध केलेले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही बीजे कोठून आली? तूर, मूग आणि कुळीथ ही भारतभूमीतच प्रथम लागवडीखाली आली. गहू, सातू, मसूर, वाटाणा, हरभरा ही पिके पश्चिम आशियातून आली. वाल, ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतून आली. इनामगावात ज्वारी मिळाल्याची नोंद होती, पण तिच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मिरची आली अमेरिकेतून. म्हणजे भज्जीचे एक पातेले चार दिशांचे आहे. आलेल्या बीजाला येथील शेतकऱ्याने आपल्या मातीत रुजवले, आपल्या पावसाला सोसेल असे घडवले, आपल्या सणात आणि नैवेद्यात त्याला स्थान दिले. आज ज्वारीला परकी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. जे आले ते पारखून घेण्याची आणि पचवून आपलेसे करण्याची ही शक्ती हेच या संस्कृतीच्या दीर्घायुष्याचे एक कारण आहे.

पारखण्याचे हे काम शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या केले. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पावसाळा संपल्यावर पेरली जाते आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते. थंडीत हुरडा, मग कणीस आणि शेवटी जनावरांना कडबा. एका पिकात माणूस आणि बैल या दोघांचे वर्ष निघते. धान्याबरोबर डाळ खाण्याची रीतही अशीच अनुभवातून आलेली. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळीतून भरून निघते आणि डाळीतील उणीव धान्यातून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका पुरुषाच्या जेवणाचे जे प्रमाण दिले आहे, त्यात एक प्रस्थ तांदळास पाव प्रस्थ वरण, वरणाच्या सोळाव्या भागाइतके मीठ आणि चौथ्या भागाइतके तूप किंवा तेल सांगितले आहे. आजचा आहारतज्ज्ञही धान्य आणि डाळ यांची जोडी तोडू नका, असेच सांगतो.

पाणी आणि पीक

हा इतिहास आज सांगण्याचे कारण काय? कारण ज्या प्रश्नाने इनामगाव उठवले, तो प्रश्न लातूर जिल्ह्याच्या दारात एकदा येऊन गेला आहे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. ज्या नगरीच्या शेजारी नऊशे वर्षांपूर्वी पाण्यावर ग्रंथातील अध्याय लिहिला गेला, तिला शेकडो किलोमीटरवरून आलेले पाणी प्यावे लागले. पाऊस कमी झाला हे खरे. पण ज्या शिवारात ओलीवर येणारा शाळू डोलत होता, तेथे बारमाही पाणी पिणारा ऊस उभा राहिला, हेही तितकेच खरे.

यात शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. उसाला कारखाना आहे, हमी आहे, सोयाबीनला लातूरसारखी मोठी बाजारपेठ आहे. ज्वारीला ना तसा भाव, ना तसा खरेदीदार. शहरातील मध्यमवर्गीय घरांनी भाकरी सोडून पोळी धरली, करडईचे तेल सोडून पिशवीतले तेल आणले आणि मग ज्वारी-करडईचे क्षेत्र घटले म्हणून हळहळ व्यक्त केली. शेतातील पीक अखेर शहरातल्या ताटावर ठरते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष’ म्हणून साजरे केले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने लोह आणि जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ साली दिले. बीज तयार आहे. प्रश्न ते शिजवणाऱ्या घरांचा आहे.

अर्धे संकटासाठी

शेवटचा मुद्दा साठवणीचा. अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची, म्हणजे कोठाराच्या प्रमुखाची, कर्तव्ये सांगताना एक सूत्र येते. कोठारात जमा झालेल्यातील अर्धा भाग प्रजेच्या आपत्तीसाठी राखून ठेवावा, अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी सतत नवे भरत राहावे. इनामगावच्या गावप्रमुखाच्या घराशेजारचे कोठार याच विचाराचे आद्य रूप म्हणता येईल. दुष्काळात भुकेल्या रयतेसाठी बिदरच्या सुलतानाचे धान्याचे कोठार खुले करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राने शतकानुशतके हृदयाशी धरली. कोठार भरलेले असणे ही राजाची जबाबदारी आणि वेळेवर ते उघडणे हा धर्म, असे त्या कथेचे मर्म आहे.

मराठवाड्याच्या जुन्या वाड्यांत आणि घरांत बळद होते, पेव होते, कणगी होती. भूकंपाने ती घरे नेली. पुनर्वसनात जमिनीच्या प्रमाणात अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. ती सुरक्षित आहेत, आणि त्यासाठी झालेल्या प्रचंड कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु अडीचशे चौरस फुटांत वर्षाच्या धान्याला जागा कोठून काढायची? माळवदाबरोबर बळदही गेले आणि शेतकऱ्याचे घर दर आठवड्याला पिशवीतून पीठ आणणारे घर झाले. सुरक्षित भिंती परत मिळाल्या. भरलेली कणगी परत आणणे हे काम कोणत्याही शासकीय योजनेत नव्हते. ते समाजानेच करावयाचे आहे.

आणि समाजाने मनावर घेतले तर काय होते, हेही याच परिसराने पाहिले आहे. भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीने शिक्षण आणि शेती यांची सांगड घालणारे केंद्र उभे केले. अशा कामातून एक धडा मिळतो. मोठ्या संकल्पांची वाट न पाहता गावपातळीवर चार साध्या गोष्टी करता येतील. प्रत्येक शेतकरी कुटुंबाने घरच्या वर्षाच्या भाकरीपुरती तरी ज्वारी पेरावी आणि तिच्याबरोबर तूर, मूग, जवस, करडईच्या ओळी घ्याव्यात. गावातील वृद्ध माता-भगिनींना ठाऊक असलेली जुनी वाणे, त्यांची नावे आणि पाककृती तरुणांनी वहीत उतरवून घ्याव्यात. गावाचे एक सामाईक धान्य आणि बियाणे कोठार असावे, ज्यात सुगीला प्रत्येकाने पायली-दोन पायल्या घालाव्यात आणि अडचणीच्या वर्षी गरजूने मानाने घ्याव्यात. आणि शहरात गेलेल्या कुटुंबांनी आपल्या गावच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी आणि डाळ थेट विकत घ्यावी.

इनामगावचे कोठार रिकामे झाले तेव्हा त्या माणसांजवळ तीन हजार वर्षांचा लिहिलेला अनुभव नव्हता. आपल्याजवळ तो आहे. किल्लारीने मातीखाली गेलेले गाव पुन्हा उभे करून दाखवले. त्या गावाच्या घराघरांत आता धान्य भरलेले राहावे, यासाठी येत्या सुगीपासूनच प्रारंभ व्हावा, एवढीच अपेक्षा.